मशीन सगळं दवाखान्यात कळवतं, त्याचं काय?

घरी पोटातून डायलिसिस करणारी जोडपी माझ्याकडे समुपदेशनाला आली की एक विषय हमखास निघतो. रात्री झोपेत आठ-दहा तास पोटात डायलिसिसचं पाणी सोडणारं आणि काढून घेणारं सायकलर मशीन सगळी नोंद मोडेमवरून दवाखान्याला पाठवतं. पाणी किती आत गेलं, किती उतरलं, अलार्म कधी वाजले, मशीन वेळेआधी बंद केलं का. रुग्ण विचारतो, "ही पाळत कशाला?" आणि शेजारी बसलेली बायको म्हणते, "बरं आहे की, कुणीतरी बघतंय."

असंच एक जोडपं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ते एसटीतले निवृत्त कंडक्टर. पहाटे तासभर आधीच मशीन बंद करायचे. मग नर्सचा फोन यायचा आणि घरात वाद पेटायचा.

"हीच चुगली करते."

"मी कशाला सांगू? मशीन सांगतं!"

"मॅडम, मी चोर नाही. पण चेकर गाडीत चढला की प्रामाणिक कंडक्टरच्याही पोटात गोळा येतो. माझं रोज सकाळी तसं होतं."

मशीनमध्ये कॅमेरा नाही, बोलणं ऐकण्याची सोय नाही, जातात ते फक्त आकडे, हे मी समजावलं. भीती थोडी उतरली, भांडण होतं तिथंच राहिलं. रुग्णाला एकट्याला बसवून मी सहसा काम करत नाही, घर समोर असल्याशिवाय मला आजार नीट दिसत नाही. दोघांतला ताण वाढला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं, हे कुटुंबोपचाराचे मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांचं म्हणणं मला फार पटतं. इथं तिसरं होतं मशीन. म्हणून मी मशीनबद्दल बोलणं थांबवलं आणि भलतंच विचारलं.

"नर्सचा फोन कुणाच्या नंबरवर येतो?"

"हिच्या."

"आणि डायलिसिस कुणाचं?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "बंद का करता, असं मला कुणी विचारलंच नाही."

"मी विचारते."

"शेवटचं पाणी उतरताना आतून ओढ लागते. सोसत नाही."

त्या गर्रकन वळल्या. "अहो, मग बोलायचं नाही का?"

"तू आधीच अलार्म वाजला की उठून बसतेस. त्यात हे कुठं सांगू?"

त्यावर त्यांना रडू फुटलं. नर्सचा फोन आला की माझंच काही चुकलं असं वाटतं, असं त्या म्हणाल्या. म्हणजे तपासणी दोघांनाही आपलीच वाटत होती. नोंदीत तासाची तूट दिसत होती, दुखणं दिसत नव्हतं, आणि ज्याला दुखत होतं त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. माझ्या मते अशा बहुतेक घरांतली खरी अडचण हीच असते.

नंबर बदलला. कंडक्टरांनी स्वतः नर्सला ओढ सांगितली. डॉक्टरांनी तिकडूनच सेटिंग बदललं, दर खेपेला थोडं पाणी पोटात राहील असं. त्यांना आराम पडला. अशी ओढ बद्धकोष्ठामुळेही लागते, कॅथेटरच्या, म्हणजे पोटात बसवलेल्या नळीच्या, जागेमुळेही, त्यामुळे तुमच्या बाबतीत काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

"कुणीतरी बघतंय" म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. रात्रभर पडद्यापुढं कुणी बसलेलं नसतं, नोंद सहसा कामाच्या वेळेत पाहिली जाते. बाहेर आलेलं पाणी गढूळ आहे हे मशीनला दिसत नाही. पाणी गढूळ आलं, ताप आला, पोट दुखलं तर तुम्हीच लगेच फोन करायचा. रात्री आणि रविवारी कोणत्या नंबरवर करायचा, हे मशीन घरी आणतानाच विचारून घ्या. आकडे कोण पाहणार आणि फोन कधी येणार, हेही. आणि फॉर्मवर नंबर रुग्णाचाच द्या. ऐकू कमी येत असेल तर स्पीकर लावा, शेजारी बसा, पण उत्तर त्यांना देऊ द्या.

अलार्मचीही वाटणी करता येते. या घरात आता आधी ते स्वतः पडद्यावर काय लिहून आलंय ते वाचतात, अडलं तरच बायकोला उठवतात.