वाचकांचे प्रश्न: पसरणी घाटापासून अंतराळ स्थानकापर्यंत

यावेळी आलेले बहुतेक प्रश्न घाट, विमान, पक्षी, फुगे, सॅटेलाइट असे वरच्या दिशेचेच आहेत, आणि उत्तरं लिहायला बसल्यावर लक्षात आलं की निम्म्याहून जास्त प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, वर जाल तशी हवा विरळ होत जाते. आपण सातारा-सांगलीचे लोक याबाबतीत नशीबवान आहोत बघा. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आणि महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास, म्हणजे एका दिवसाच्या एसटी प्रवासात ८०० मीटरचा फरक अंगावर अनुभवता येतो.

वाईहून एक ताई विचारतात: पसरणी घाट चढताना मुलीच्या कानाला दडे बसतात आणि वेफर्सची पाकिटं पाचगणीला पोचेपर्यंत टम्म फुगतात. माल खराब असतो का?

नाही ताई, माल चांगला आहे. पाकीट खाली सील केलं तेव्हा आतल्या हवेचा दाब खालच्या हवेएवढा होता, तो आत तसाच राहिला आणि तुम्ही घाटाने ५००-६०० मीटर वर आलात, तिथे बाहेरचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी, मग आतली हवा पाकिटाला बाहेर ढकलणारच. मुलीच्या कानातही हेच होतंय. पडद्याच्या आतल्या बाजूला हवेची छोटी पोकळी असते, तिथून एक बारीक नळी घशाकडे जाते, ती उघडली की दाब सारखा होतो. म्हणून चढताना-उतरताना तिला गोळी चघळायला द्या, जांभई दिली तरी चालतं, तान्हं बाळ असेल तर पाजत राहायचं. सर्दी झालेली असेल तर नळी सुजलेली असते आणि मग त्रास जास्त होतो, खास करून उतरताना.

विमानात याच गोष्टीची मोठी काळजी घेतात. विमान दहा-अकरा किलोमीटरवर उडतं, तिथला दाब इतका कमी की माणूस मिनिटभरातच बेशुद्ध होईल, म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरतात, पण तीही जमिनीवरच्या दाबाएवढी नाही तर साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असते तेवढी. म्हणजे दाबाच्या हिशेबाने विमानातला प्रवासी महाबळेश्वरपेक्षाही उंच जागी बसलेला असतो! खिडकीच्या काचेला खाली बारीक छिद्र दिसतं तेही त्यासाठीच आहे, त्याच्यामुळे दाबाचा सगळा भार बाहेरच्या जाड काचेवर जातो आणि मधली काच राखीव राहते, शिवाय काचेवर वाफ धरत नाही.

सांगली, विश्रामबागहून: महाबळेश्वरला भाड्याच्या बंगल्यात पातेल्यात तुरीची डाळ शिजायला फार वेळ लागला. पाणी तिथलं जड आहे का?

पाण्यापेक्षा दाबाचा हात जास्त आहे. पाणी १०० अंशांना उकळतं हे शाळेत शिकलेलं वाक्य समुद्रकिनाऱ्यापुरतं खरं आहे, आपल्या सांगलीतसुद्धा ते ९८ च्या आसपासच उकळतं आणि महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या आसपास. फरक अडीच-तीन अंशांचाच आहे पण डाळीसाठी तो पुष्कळ झाला, आणि गॅस कितीही मोठा केला तरी उघड्या पातेल्यातलं पाणी त्याच्यावर तापत नाही, नुसती वाफ वाढते. कुकर लावला असता तर हा प्रश्नच आला नसता, कारण शिट्टीपर्यंत आतला दाब चढतो आणि पाणी ११५ अंशांच्याही वर जातं. लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर ७० च्या जरासं वर, तिथे चहा उकळलेला असला तरी म्हणावा तसा गरम नसतो.

अपशिंग्याहून एका आईचं पत्र: मुलगा फौजेत आहे, नुकतीच लेहला बदली झाली. पहिले काही दिवस त्याला नुसतं आराम करायला सांगितलंय म्हणतो. तब्येत बिघडली असेल आणि लपवत असेल का?

काळजी करू नका आई, तो खरंच सांगतोय. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. तिथल्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण आपल्यासारखंच २१ टक्के आहे, पण हवेचा दाबच समुद्रकाठच्या दोन तृतीयांश, त्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन तेवढाच कमी. शरीर लगेच श्वास आणि ठोके वाढवतं, मग मूत्रपिंडं एक संप्रेरक सोडतात आणि त्याच्यामुळे तांबड्या पेशी वाढायला लागतात, पण या कामाला दिवस नाही तर आठवडे लागतात. या काळात धावपळ केली तर डोकं दुखणं, उलटी, झोप न लागणं इथपासून ते फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठण्यापर्यंत जाऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. पैलवान गडी असला म्हणून त्यातून सुटका नाही, उलट तंदुरुस्त पोरं अंगात दम आहे म्हणून पहिल्याच दिवशी पळतात आणि आजारी पडतात. म्हणून फौजेत टप्प्याटप्प्याने वर नेतात. त्याला फोनवर एवढंच सांगा की डोकं दुखायला लागलं तर अंगावर काढू नको, लगेच डॉक्टरला सांग.

खटाव तालुक्यातून: येरळवाडी, मायणीकडच्या तलावांवर हिवाळ्यात डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस येतात. ते हिमालय ओलांडून येतात हे खरं का? तिथे माणसाला श्वास घेता येत नाही तर पाखराला कसा येतो?

यावेळचा माझा सगळ्यात आवडता प्रश्न हाच. हो, खरं आहे. पक्ष्याचं नाव पट्टकादंब, वीण मंगोलिया, तिबेट, चीनमधला चिंगहाय तलाव या भागात आणि हिवाळा भारतात, अगदी खाली कर्नाटकापर्यंत. मध्ये हिमालय आडवा आहे त्याला इलाज नाही. गिर्यारोहक फार वर्षांपासून सांगत आलेत की आम्ही त्यांना एव्हरेस्टवरून जाताना पाहिलं, पण शास्त्रज्ञांनी यंत्रं बसवून जे मोजलं त्यात सगळ्यात उंच नोंद ७२९० मीटरची मिळाली आणि बहुतेक उड्डाणं तर साडेपाच हजारांच्या खालीच होती. मला ही खरी गोष्ट त्या ऐकीव गोष्टीपेक्षा जास्त भारी वाटते, कारण त्यातून त्यांची हुशारी कळते.

विरळ हवेत पंखाखाली धरायलाच काही नसतं, एकाच वेळी ऑक्सिजन कमी आणि मेहनत जास्त असं दुहेरी संकट. म्हणून ते एकदम वर चढून सरळ रेषेत जात नाहीत, खालच्या डोंगराच्या चढउताराप्रमाणे वर जातात आणि दरी आली की परत खाली उतरतात, मिळवलेली उंची सोडून देतात. आपल्याला वाटेल हा वेडेपणा, पण खालच्या दाट हवेत उडायला एवढी कमी ताकद लागते की परत चढायचा खर्च धरूनही हिशेब फायद्याचाच राहतो. आणि बऱ्याचदा ते रात्री किंवा पहाटे निघतात, दुपारी दरीतून वर वाहणारा वारा फुकट मिळत असतो तरी त्याची वाट बघत नाहीत, कारण थंड हवा जास्त दाट असते आणि वादळाचा धोकाही कमी.

राहिला श्वासाचा प्रश्न. आपण श्वास आत घेतो आणि त्याच वाटेने बाहेर सोडतो, त्यामुळे जुनी हवा थोडी आत राहतेच. पक्ष्यांच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत जाते, मागे-पुढे हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा फुप्फुसाला ताजी हवा मिळते. हे सगळ्याच पक्ष्यांत आहे, आपल्या दारातल्या कोंबडीतही, पण पट्टकादंबाची फुप्फुसं इतर हंस-बदकांपेक्षा मोठी असतात, उडायच्या स्नायूंत रक्तवाहिन्यांचं जाळं जास्त दाट, आणि त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन एका छोट्याशा बदलामुळे ऑक्सिजन जास्त घट्ट पकडतं. असा पक्षी आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या तलावात येऊन हरभऱ्याच्या रानात चरतोय, कृपा करून त्याला हुसकावू नका, आणि फोटोसाठी फार जवळ जाऊ नका, परतीच्या प्रवासाची चरबी त्याला इथेच जमवायची असते.

सगळ्यात उंच उडणारा पक्षी मात्र हा नाही. २९ नोव्हेंबर १९७३ ला आयव्हरी कोस्टवर आफ्रिकेतलं एक गिधाड विमानाच्या इंजिनात अडकलं, तेव्हा विमान जवळपास ११,३०० मीटरवर होतं.

कराडहून: आकाशात काही विमानांच्या मागे पांढरी रेघ उठते, काहींच्या नाही. धूर असतो का?

इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते, आणि वर उणे ४० किंवा त्याहूनही थंड असतं, तिथे ती गोठून बर्फाचे कण होतात, म्हणजे तो ढगच. वरची हवा कोरडी असली तर रेघ लगेच विरते, दमट असली तर टिकते आणि पसरते. द्राक्षवाल्यांनी यावरून पावसाचा अंदाज बांधू नये, रेघ फक्त त्या उंचीवरच्या दमटपणाचं सांगते.

जत तालुक्यातून: शेतात पांढरा डबा, दोरी आणि फाटलेलं प्लास्टिक पडलेलं सापडलं. गावात कुणी बॉम्ब म्हणतं, कुणी हेरगिरी. काय असेल?

मी वस्तू पाहिलेली नाही त्यामुळे नक्की सांगता येणार नाही, पण दोन शक्यता मोठ्या आहेत. एक, हवामान खात्याचा फुगा. देशभरातून ठरलेल्या वेळी असे फुगे सोडतात, खाली थर्माकोलचा किंवा प्लास्टिकचा छोटा डबा बांधलेला, तो तापमान, दमटपणा, वारा मोजून रेडिओने कळवत राहतो. वर दाब कमी होत जातो तसा फुगा फुगत जातो, तिथेही वेफर्सच्या पाकिटाचीच गोष्ट, आणि तीसेक किलोमीटरवर फुटतो. तो डबा निरुपद्रवी असतो.

दुसरी शक्यता, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा फुगा. त्यांचं केंद्र हैदराबादला आहे, तिथून पातळ प्लास्टिकचे प्रचंड फुगे ३० ते ४० किलोमीटर वर जातात आणि उपकरणं पॅराशूटने उतरतात, वारा जिकडे नेईल तिकडे, तेलंगणा, कर्नाटक, महाराष्ट्र कुठेही. डब्यावर नाव-पत्ता-फोन लिहिलेला असतो. काही उपकरणांत जास्त व्होल्टेज असू शकतं, म्हणून उघडायचं नाही, पोरांना लांब ठेवायचं आणि पोलिसांना किंवा डब्यावरच्या नंबरला कळवायचं. त्याच्यात कुणाची तरी वर्षांची मेहनत असते, भंगारात घालू नका.

खरोखर अंतराळातलं सामानही कधीतरी पडतं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी महाराष्ट्रभर लोकांनी आकाशात जळत जाणारी रेघ पाहिली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात मोठी धातूची रिंग आणि गोळे पडले, ते बहुधा चिनी रॉकेटचे भाग होते. असं काही सापडलं तर हातही लावायचा नाही, कारण रॉकेटचं इंधन विषारी असू शकतं.

तासगावहून आठवीतला एक विद्यार्थी: शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकात तरंगत होते, मग तिथे गुरुत्वाकर्षण संपलेलं असतं का? आणि ते स्थानक आमच्या गच्चीवरून दिसेल का?

नाही रे बाळा, संपत नाही. स्थानक फक्त ४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे तासगावपासून मुंबई जेवढी लांब साधारण तेवढंच, आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतं. मग तरंगतात का? समज तू अजिंक्यताऱ्यावरून दगड आडवा फेकलास, तो थोडा पुढे जाऊन पडेल. जास्त जोरात फेकलास तर जास्त लांब. आता मध्ये हवा नाही आणि तू तो ताशी २८ हजार किलोमीटरने फेकलास असं धर, तर तो पडत राहील पण पृथ्वी गोल असल्यामुळे जमीनही त्याच्याखालून तेवढीच वळत जाईल, आणि तो पडता पडता पृथ्वीला फेरी मारेल. स्थानक असंच सतत पडतंय, आतली माणसंही त्याच्याबरोबर पडतायत, म्हणून पायाखाली जमीन टेकत नाही. एक फेरी साधारण ९० मिनिटांत होते. शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये तिथे होते, त्यांच्याआधी १९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत स्थानकात जाऊन आले होते.

गच्चीवरून दिसतं, दुर्बीण लागत नाही. सूर्य मावळल्यावर किंवा उगवायच्या आधी तासाभरात बघायचं, कारण तेव्हा खाली अंधार असतो पण तेवढ्या उंचीवर ऊन पोचतं आणि स्थानक चमकतं. कोणत्या दिवशी किती वाजता कुठून जाणार हे नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' अॅपवर आधीच मिळतं. एकसारख्या वेगाने जाणारा ठळक पांढरा ठिपका, चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडतो, कधीकधी मधेच विझल्यासारखा होतो तेव्हा तो पृथ्वीच्या सावलीत गेलेला असतो. लुकलुकत असेल, तांबडा-हिरवा दिवा दिसत असेल तर ते विमान. आणि एकामागे एक ओळीने बरेच ठिपके गेले तर ते नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे, म्हणजे इंटरनेट पुरवणारे उपग्रह असतात, घाबरायचं काही कारण नाही.