‘बाई तिच्याशी बोलतच नाहीत’: सिअॅटलहून तुलूझला गेलेल्या मुलीच्या आईस उत्तर

ताईंना सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. तीन वर्षे सिअॅटलजवळच्या सरकारी शाळेत शिकलेली तुमची मुलगी वडिलांच्या बदलीमुळे फ्रान्समध्ये तुलूझला आली आणि आता तिथल्या लिसेमध्ये, म्हणजे उच्च माध्यमिक शाळेत, ‘प्रमिएर’ला, म्हणजे आपल्याकडच्या अकरावीला आहे. अमेरिकेत सतत ‘ए’ श्रेणी मिळवणाऱ्या या मुलीला इतिहास-भूगोलात वीसपैकी तेरा गुण मिळाले, तिचे उत्तर ‘चूक’ असल्याचे बाईंनी सगळ्या वर्गासमोर सांगितले, आणि तास संपल्यावर ती बोलायला गेली तेव्हा दोन वाक्ये बोलून त्या निघून गेल्या. मुलगी परकी म्हणून तिला दूर ठेवले जात आहे का, आणि अमेरिकेतल्या विद्यापीठात अर्ज करताना तिचे शिफारसपत्र कोण लिहील, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

तुम्ही सोबत पाठवलेल्या प्रगतिपत्रकावरून तरी पहिली शंका मला खरी वाटत नाही. त्याच पत्रकात वर्गाची सरासरी १०.८ छापलेली आहे. फ्रान्समध्ये वीसपैकी दहाला उत्तीर्ण, आणि ‘बाकालोरेआ’ या शालान्त परीक्षेत बाराला ‘बऱ्यापैकी’, चौदाला ‘चांगले’ व सोळाला ‘अतिशय चांगले’ असा शेरा मिळतो. तेरा म्हणजे शंभरपैकी पासष्ट, असा हिशेब तुम्ही मनात केला असणार. तो तिथे लागू पडत नाही.

तुम्ही तिच्या दोन निबंधांची छायाचित्रे पाठवलीत, हे फार बरे केलेत. मी ती शेजारी शेजारी ठेवून वाचली. सिअॅटलच्या निबंधावर हिरव्या शाईत ‘ग्रेट इनसाइट!’ असे लिहिलेले आहे, शेवटी तिच्या प्रगतीबद्दल तीन आपुलकीची वाक्ये आहेत, आणि गुणांच्या तक्त्यात वर्गातल्या सहभागाचेही गुण आहेत. तुलूझच्या निबंधाच्या समासात ‘माल दी’, म्हणजे नीट मांडलेले नाही, ‘आ देव्हलोपे’, म्हणजे विस्तार हवा, आणि एका परिच्छेदाशेजारी नुसते ‘प्लां?’, म्हणजे आराखडा कुठे आहे, अशा लाल शाईतल्या खुणा आहेत. मी मोजल्या, अकरा आहेत. त्यांतली एकही खूण मुलीविषयी नाही. सगळ्या लेखनाविषयी आहेत. ज्या बाईंना ही मुलगी नकोशी असती, त्यांनी तिच्या चार पानांवर अकरा ठिकाणी थांबून विचार केला नसता. अमेरिकी शिक्षकाची आस्था विद्यार्थ्याकडे पाहून बोलते, फ्रेंच शिक्षकाची त्याच्या कामाकडे पाहून. तुमच्या मुलीला पहिली भाषा येते, दुसरी तिला शिकायची आहे.

यामागची घडणही समजून घ्यायला हवी. फ्रान्समधला माध्यमिक शिक्षक राष्ट्रीय पातळीवरची कठीण स्पर्धा परीक्षा देऊन आपल्या विषयाचा अधिकारी म्हणून निवडला जातो. त्यांतल्या ‘अग्रेगासिओं’ या परीक्षेची परंपरा १७६६पासूनची आहे. तो शासनाचा नोकर असतो आणि आठवड्याला अठरा तास, ‘अग्रेजे’, म्हणजे ती परीक्षा उत्तीर्ण झालेला, असेल तर पंधरा तास शिकवणे हे त्याचे ठरलेले काम असते. पेपर तपासणे आणि तयारी तो बहुधा घरी करतो. गैरहजेरी, शिस्त, मुलांची दैनंदिन विचारपूस यांसाठी ‘सेपेअ’ म्हणून ओळखला जाणारा वेगळा अधिकारी आणि त्याचे सहकारी असतात. म्हणजे तास संपल्यावर बाई गेल्या ते काम टाळून गेल्या नाहीत. त्या वेळी मुलीने ज्यांच्याकडे जायला हवे होते ती व्यक्तीच दुसरी आहे. शिवाय बाकालोरेआच्या लेखी उत्तरपत्रिका नाव झाकून अनोळखी परीक्षक तपासतात. २०२१पासून एकूण गुणांपैकी चाळीस टक्के गुण वर्षभराच्या कामावर आहेत हे खरे, पण ‘ओळखीचा आणि गुणांचा संबंध नाही’ हा आग्रह तिथल्या शिक्षकांच्या अंगात मुरलेला आहे.

अमेरिकेत शिक्षकाची नेमणूक स्थानिक शाळा-जिल्हा करतो, आणि त्यावरचे मंडळ बहुतेक ठिकाणी गावातलेच लोक निवडून देतात. गणित शिकवणारेच सर संध्याकाळी बास्केटबॉलचा संघ सांभाळतात, इंग्रजीच्या बाई नाटक बसवतात. मुले त्यांना दोन-तीन भूमिकांत पाहतात आणि मोकळी होतात. मात्र त्या मोकळेपणाचा अर्थ प्रत्येक वेळी ‘काम उत्तम आहे’ असा नसतो, हेही मुलीला सांगा. कौतुकाच्या वाक्यानंतर येणारी सौम्य सूचना हीच पुष्कळदा खरी टीका असते.

‘व्हू’, म्हणजे फ्रेंचमधले आदरार्थी ‘तुम्ही’, याबद्दल तुम्ही लिहिले आहे, की ‘माझी मुलगी बाईंना आदरार्थी बोलायला अवघडते’. ताई, हा अडसर इंग्रजीने आणलेला आहे, मराठीने नव्हे. घरी ती आजोबांना ‘अहो’ म्हणते आणि त्यांच्यावर जीवही टाकते. फ्रेंच ‘व्हू’ तिने त्या वाटेने शिकावा. लिसेतले पुष्कळ शिक्षकही विद्यार्थ्यांना ‘व्हू’च म्हणतात, आणि त्यात दुरावा नसून तुला मोठी समजतो असे सांगणे असते.

आता काय करायचे ते सांगतो. पालक-शिक्षक भेटीत प्रत्येक शिक्षकाशी जेमतेम काही मिनिटे मिळतात. तिथे ‘माझी मुलगी दुःखी आहे’ यापासून सुरुवात करू नका आणि गुण वाढवण्याचा विषय तर काढूच नका. तो लाल शाईचा निबंध घेऊन जा, आणि ‘आराखड्यात ती नेमकी कुठे चुकते?’ एवढेच विचारा. या प्रश्नावर तुम्हाला वेगळ्याच बाई भेटतील, असा माझा अनुभव आहे. एकटेपणाबद्दल वर्गशिक्षक आणि ‘सेपेअ’ यांच्याशी बोला. दर तिमाहीला ‘कॉन्सेय द क्लास’ ही बैठक होते. तिथे मुख्याध्यापक व शिक्षकांबरोबर विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे प्रतिनिधीही बसतात. पालक प्रतिनिधींची ओळख आधी करून घ्या. उच्चाराची किंवा मूळ देशाची टिंगल झाली, तर मात्र ती संस्कृती समजून सोसू नका. लगेच मुख्याध्यापकांना लेखी कळवा. छळवणुकीसाठी ३०१८ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकही आहे.

शिफारसपत्राचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘कॉमन अॅप’ या अनेक अमेरिकी विद्यापीठांच्या सामाईक ऑनलाइन अर्जातून अर्ज करताना शाळेच्या समुपदेशकाचा अहवाल आणि बहुतेक विद्यापीठांना एक-दोन शिक्षकांची पत्रे लागतात. लिसेमध्ये अमेरिकी पद्धतीचा समुपदेशक नसतो; तो अहवाल मुख्याध्यापक किंवा वर्गशिक्षक देऊ शकतात. अडचण अशी, की फ्रेंच शिक्षक ‘नियमित काम, गंभीर विद्यार्थिनी’ असे लिहून मनापासून प्रशंसा केली असे मानतो, आणि अमेरिकी प्रवेश-अधिकाऱ्याला तीच ओळ थंड वाटते. फ्रान्समधल्या उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी ‘पार्कुरसुप’ या व्यवस्थेत शिक्षक विषयवार छोटे शेरे देतात, त्यामुळे पानभर पत्राची सवयही अनेकांना नसते. मुलीने येत्या मे महिन्यातच, म्हणजे अर्जाच्या वर्षाआधीच, दोन शिक्षकांना विचारावे. त्यांतल्या एक इतिहासाच्याच बाई असाव्यात असे मी सुचवेन, कारण ज्यांनी अकरा खुणा केल्या त्यांना तिची प्रगती दाखवून सांगता येईल. सोबत एक पानाचे टिपण द्यावे: कोणता निबंध, कोणती चर्चा, कोणती चूक सुधारली, आणि अमेरिकी पत्रात प्रसंग व उदाहरणे अपेक्षित असतात हे नम्रपणे लिहिलेले. शिफारसपत्र पाहण्याचा कायदेशीर हक्क विद्यार्थी अमेरिकेतल्या अर्जात बहुधा सोडून देतात. तिनेही तसेच करावे, म्हणजे पत्राला वजन येते. गुणांचे रूपांतर स्वतः करू नका. मूळ पत्रक, वर्गाच्या सरासरीसह, आणि वीसच्या मोजमापाचा खुलासा करणारी शाळेची माहिती जोडा.

शिक्षकांना पाठवायचे विनंतीचे पत्र तिने फ्रेंचमध्ये स्वतः लिहावे. सुरुवात ‘हाय’ने न करता ‘मादाम’ने करावी, शेवटची नमस्काराची ओळ पूर्ण लिहावी. पहिला मसुदा तिने मला पाठवला तर मी तो अवश्य वाचेन.

आपला,
करिअर मार्गदर्शक