मुलगी तिसरीत आहे, अक्षरं ओळखते पण वाचता येत नाही, ट्यूशन लावू का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी इथे इंदूरला इंग्लिश मीडियममध्ये आहे, घरी मराठी, शाळेत हिंदी-इंग्लिश, सुटी अक्षरं सगळी येतात पण ओळ समोर आली की अडखळते नाहीतर मनानेच काहीतरी ठोकून देते, टीचर म्हणतात ट्यूशन लावा आणि सासूबाई म्हणतात आळशी आहे. मी राजेंद्रनगरला राहते, प्रायमरीला शिकवते, वाचनात मागे पडलेली मुलं संध्याकाळी माझ्याकडे येतात, तर त्यातून जे कळलंय ते सांगते.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. सगळे सांगतात आणि करत कुणी नाही.

ट्यूशनचं थोडं थांबा. तिथे होतं काय, तोच धडा दहादा म्हणून घेतात, तो पाठ होतो, सगळे खूश, आणि नवीन पान उघडलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पाठ आहे की वाचतेय हे कळायला सोपं आहे. छप्पन दुकानला, म्हणजे आपल्या खाऊगल्लीत, गेलात की 'पानी पताशे'ची (पाणीपुरीची) पाटी ती फटकन वाचेल, घरी येऊन कागदावर 'पताका', 'पाने', 'ताशा' लिहून द्या आणि गंमत बघा.

खरं काम म्हणजे नेमकं कुठे अडतंय ते शोधणं. पंधरा-वीस शब्द वाचायला द्या, मध्ये अजिबात सुधारू नका, ती जे बोलेल ते तस्संच बाजूला लिहून ठेवा. 'बादली'ला 'बाटली' म्हणाली तर पहिलं अक्षर बघून अंदाज मारतेय. 'घन'चं 'धन' झालं तर आकारात घोळ आहे, भ-म आणि थ-य मध्येपण हेच होतं. 'दिवा'चं 'दवा' झालं तर वेलांटी निसटतेय, आणि ती निसटणारच हो, कारण पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि बोलायची नंतर. रफाराचं तर त्याहून उलटं, 'सर्दी'मध्ये तो बसलाय द च्या डोक्यावर पण बोलायचा द च्या आधी. आपण मोठे झाल्यावर हे विसरून जातो आणि मुलांना म्हणतो लक्ष कुठे आहे तुझं!

मग जे अडतंय तेवढंच घ्यायचं. अख्खी बाराखडी घोकून घेऊ नका, मुलं ती गाण्यासारखी म्हणतात, मधूनच 'मे' कुठला विचारा, पहिल्यापासून म-मा-मि-मी करत तिथपर्यंत येतील. त्यापेक्षा काही दिवस नुसते कान्याचे शब्द, मामा, चार, बाजार, ते सहज जमले की एकच वेलांटी, मग पुढचं. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. रोज दहा-पंधरा मिनिटं बास, त्याच्यावर रडारड सुरू होते.

आणि आवाजांचे खेळ, पुस्तक न घेता. भेंड्या तर खेळाच, शिवाय 'पोपट'मधला पो काढला तर काय उरलं? पट. स्कूटरवर मागे बसल्या बसल्यासुद्धा होतं हे. इंग्लिशला याची जास्तच गरज पडते, कारण आपल्याला 'कॅट'मध्ये 'कॅ' एकच अक्षर वाटतं, इंग्लिशमध्ये तिथे क आणि ॲ असे दोन वेगळे आवाज पकडावे लागतात. म्हणून काही मुलं हिंदी रेटून नेतात आणि इंग्लिशला आडवी होतात.

सुरुवात माझ्या मते मराठीतूनच करा, शाळेत मराठी नसली तरी. जी भाषा तोंडात आहे तिच्यात शब्द अर्धा वाचला तरी पुढचं कळतं, आणि लिपी तीच असल्यामुळे हिंदी आपोआप सुधारतं. स्टोरीवीव्हर नावाच्या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, लेव्हलप्रमाणे, पहिल्या लेव्हलच्या घ्या. ओळीखाली बोट ठेवून आधी तुम्ही वाचा, मग तीच ओळ ती.

एवढं काही महिने नीट करूनही गाडी हलली नाही, बोलण्या-समजण्यात चुणचुणीत आहे आणि घरात आणखी कुणाला लहानपणी हाच त्रास होता, तर डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन शिकण्यातल्या अडचणीची, तपासणी करून घ्या. त्याचा हुशारीशी काही संबंध नसतो. मात्र सहा-सात वर्षांच्या मुलाने इंग्लिशचे बी-डी उलटे काढले एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. सायकॉलॉजिस्टला विचारा की तपासणी फक्त इंग्लिशमध्ये करणार का, कारण मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये 'डाली' नावाची टेस्ट काढली आहे, पहिली ते पाचवीसाठी, ती हिंदी-मराठीतपण आहे. परक्या भाषेत तपासलं तर भाषा येत नाही की वाचता येत नाही हेच कळत नाही.

निदान झालंच तर 2016 च्या दिव्यांग कायद्यात हे धरलेलं आहे, सर्टिफिकेट असेल तर सीबीएसईच्या बोर्डाला तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त मिळतो. पण ते लांब आहे अजून. आत्ता टीचरना भेटून एवढंच मागा की तिला वर्गात सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नका, आणि वाचायला द्यायचंच असेल तर कुठला उतारा ते आदल्या दिवशी सांगा.