सीओई हातात आल्याशिवाय व्हिसा फॉर्म भरू नकोस
अरे, ऑफर लेटर आलं म्हणून लगेच ऑस्ट्रेलियाचा सबक्लास ५०० म्हणजे स्टुडंट व्हिसाचा फॉर्म भरायला बसू नकोस, त्याला सीओई लागतं म्हणजे कन्फर्मेशन ऑफ एनरोलमेंट, आणि ते ऑफर ॲक्सेप्ट करून कॉलेजने मागितलेली फी भरल्यावरच मिळतं. १ जानेवारी २०२५ पासून तिथे राहून अप्लाय करणाऱ्यांनाही नुसतं ऑफर लेटर चालत नाही. कोर्स क्रायकॉसवर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या कोर्सेसच्या तिथल्या सरकारी यादीत, रजिस्टर आहे ना तेही बघ. आधी इंग्लिश आणि मग डिग्री असं असेल तर दोन्हीचे सीओई जोड, मधली गॅप साधारण २ महिन्यांच्या आत हवी. आणि खरंच सांगते, पासपोर्ट शेजारी ठेवून नाव अक्षर न अक्षर ताडून बघ, माझ्या सीओईवर आडनावात एक ‘ए’ जास्त पडला होता, नवीन येईपर्यंत जीव टांगणीला लागला होता.