साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या उन्हाळ्यात थांबलेल्या का दिसतात?

बहुतेक वेळा बिघाड नसतो, वारा कमी असतो. पाती फिरून वीज सुरू व्हायला सेकंदाला साधारण ३ ते ४ मीटर वारा लागतो. शिवाय वीज वाऱ्याच्या वेगाच्या घनानुसार वाढते: वेग ५ वरून १० झाला की वाऱ्यातली शक्ती दुप्पट नाही, आठपट! म्हणून साताऱ्याच्या पठारांवर आणि सांगलीत ढालगावकडे खरी कमाई जून ते सप्टेंबरमध्येच.

भर वाऱ्यात चक्की उभी असेल तर आधी वीज वाहून नेणारी लाइन बघा. जुन्या इंडक्शन जनरेटरला (वीज बनवणाऱ्या यंत्राचा एक प्रकार) चुंबकत्वासाठी ग्रिडचाच, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याचाच, पुरवठा लागतो. लाइन ट्रिप झाली की ब्रेक लागतो. वारा सेकंदाला २५ मीटरच्या आसपास गेला तरी यंत्र स्वतःहून थांबतं. जुनी छोटी यंत्रं काढून त्याच जागी मोठी बसवणं मला सगळ्यात गरजेचं वाटतं, कारण उत्तम वाऱ्याच्या जागा मोजक्याच आहेत.