कुंपणावरचा फुकट मेवा

प्रश्न : व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रजी गोष्टींत मुलं सारखी ब्लॅकबेरी वेचत असतात. ती विकत मिळत नसे का?

उत्तर : मिळे की! पण शेताच्या कुंपणावर फुकट लगडलेल्या फळांना पैसे कोण मोजणार? सप्टेंबरात खेड्यातली पोरं शाळा बुडवून काटेरी झुडपांत शिरत. मास्तरांच्या नोंदवह्यांत गैरहजेरीचं हे कारण चक्क लिहिलेलं आहे. फळं विकून घरात चार पैसेही येत. १८७४ मध्ये साखरेवरचा कर उठला आणि जॅम मजुरांच्या पावावरही आला.

मला गंमत वाटते ती सैतानाची. मायकेलमस या ख्रिस्ती सणानंतर, म्हणजे २९ सप्टेंबरनंतर, तो या फळांवर थुंकतो म्हणे! ऑक्टोबरात ती पाणचट होतात, बुरशी धरतात. आजीबाईंनी बिल सैतानाच्या नावावर फाडलं, इतकंच.