दूध बाधतं, सोसत नाही की वावडं आहे?

सोलापूरच्या एका वाचकाचा प्रश्न : "आमच्याकडे 'इंजेक्शनच्या दुधाची ॲलर्जी' असं सर्रास म्हणतात. ॲलर्जीला 'वावडं' म्हणावं का? आणि त्या इंजेक्शनातल्या ऑक्सिटोसिनला 'पान्हा-संप्रेरक' चालेल का?" (इंजेक्शनचं दूध म्हणजे जनावराने पान्हा सोडावा म्हणून ऑक्सिटोसिन टोचून काढलेलं दूध.)

वावडं हा शब्द झकास, पण फार ऐसपैस. कुणाला कारल्याचं वावडं असतं, कुणाला शिस्तीचं. शेंगाचटणीचा घास घेतल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, छातीत घरघर सुरू झाली, तर ती ॲलर्जी : शेंगदाण्यातल्या प्रथिनावर प्रतिकारशक्ती उगाच तुटून पडते. अशा माणसाने पंगतीत "शेंगांचं वावडं आहे" म्हटलं, तर वाढणारा "घ्या हो थोडी, काही होत नाही" म्हणत चमचाभर वाढणारच! तिथे ॲलर्जीच म्हणावं. १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवलेला हा शब्द आता पुरता आपला झालाय.

दूध पिऊन नुसतं पोट फुगत असेल, ढाळ होत असतील, तर 'दूध सोसत नाही' हे नेमकं. लॅक्टेज हे पाचक विकर कमी पडल्याने दुधातली साखर पचत नाही. प्रतिकारशक्तीचा त्यात संबंध नाही. 'बाधतं' दोन्हीकडे चालतं, म्हणूनच डॉक्टरांपुढे अपुरं पडतं.

आता पान्हा. रेडकू ढुसण्या देऊ लागलं की म्हैस पान्हावते, ते ऑक्सिटोसिनमुळेच. गोठ्यात अनोळखी माणूस शिरला की ती पान्हा चोरते. बिचकल्यावर ॲड्रेनलिन वाढतं आणि ऑक्सिटोसिनचं काम अडतं. (तीव्र ॲलर्जीत जीव वाचवायला मांडीत टोचतात तेही ॲड्रेनलिनच.) तरी 'पान्हा-संप्रेरक' मला अर्धवट वाटतं. मूळ ग्रीक नावाचा अर्थ 'शीघ्र प्रसूती', आणि बाळंतपणात 'कळा यायचं सलाईन' लावतात त्यातही बहुधा हेच असतं. पान्हा आणि कळा दोन्ही पोटात घेणारा मराठी शब्द सुचेपर्यंत ऑक्सिटोसिनच बरं.

राहिली 'इंजेक्शनच्या दुधाची ॲलर्जी'. हा शब्दप्रयोग मला पटत नाही. दुधाची ॲलर्जी असते ती केसीनसारख्या दुधातल्याच प्रथिनांची. म्हैस रेडकाने पान्हावली काय नि सुईने काय, ती प्रथिनं असतातच. ऑक्सिटोसिन ही अवघ्या नऊ अमिनो आम्लांची साखळी, पोटात गेली की पचनरसात मोडते. म्हणून तर बाळंतिणीला ते सुईवाटे देतात.

सुई टोचणं त्याने योग्य ठरत नाही. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. गवळ्याशी भांडायचं तर त्यावरून भांडा. डॉक्टरांना मात्र 'इंजेक्शनचं' हा शब्द गाळून, दूध प्यायल्यावर किती वेळात काय झालं तेवढं सांगा.